बारा काकडं आणि एक ई-पुस्तक

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा खालच्या फडताळात माझ्या दोन वह्या होत्या. एकीत सासूबाईंनी सांगितलेल्या रानभाज्या होत्या, दुसरीत बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बायकांकडून लिहून घेतलेल्या. दोन दिवसांनी वह्या हातात आल्या त्या चिखलासकट. जेल पेनने लिहिलेलं सगळं निळं पाणी होऊन गेलं होतं. पेन्सिलीने लिहिलेली पानं मात्र वाळवल्यावर वाचता आली. काही पानांचे फोटो मी पूर्वी भाचीला पाठवले होते, तेही तिच्या फोनमध्ये सापडले. जे गेलं ते त्या आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच बायकांकडे बसून पुन्हा लिहून घेतलं. त्यांना प्रत्येकी ५०० रुपये दिले आणि पुस्तकात नाव घालायची परवानगी विचारली. सहापैकी चौघी ‘घाला’ म्हणाल्या, दोघी नको म्हणाल्या.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. संगणकाचं माझं ज्ञान शाळेचे अहवाल भरण्याइतकं. या रानभाज्यांचं पुस्तक ई-पुस्तक म्हणून स्वतः प्रकाशित करताना सव्वा वर्ष गेलं आणि अनेकदा वाटलं की सोडून द्यावं. त्या वाटेवर कोणी असेल तर त्याच्यासाठी तारीखवार लिहिते आहे.

पहिला विचार अर्थातच छापील पुस्तकाचा होता. रानभाजीच्या पुस्तकात रंगीत फोटो हवेतच, आणि रंगीत तीनशे प्रतींसाठी छापखान्याने सांगितलेला आकडा लाखाच्या पुढे गेला. एका प्रकाशकांनी वाचून कौतुक केलं, पण निम्मा खर्च तुम्ही घाला म्हणाले. तेवढे पैसे घालायचा धीर झाला नाही.

जानेवारी २०२३ मध्ये हस्तलिखित टायपिंगला दिलं. ४,२०० रुपये आणि पाच आठवडे. इथे पहिली ठेच लागली. टायपिंग झालं होतं जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. युनिकोड म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी अक्षर मराठीच दिसावं म्हणून ठरलेली पद्धत. छपाईला ते चालतं. पण ई-पुस्तकात ती अक्षरं नुसती इंग्रजी चिन्हांची रांग होऊन दिसतात. मी टायपिंगला देताना ‘युनिकोडमध्ये करा’ एवढे दोन शब्द बोलले असते तर पुढचे सहा महिने वाचले असते. तुम्ही नक्की बोला, आणि पहिली दोन पानं हातात आली की ती व्हॉट्सॲपवर चिकटवून बघा. तिथे मराठी नीट दिसलं तर ते युनिकोड.

फॉन्ट बदलून देणारी रूपांतरकं मिळतात, फुकट मिळतात. मजकूर त्यातून काढला तेव्हा नव्वद टक्के नीट आला आणि उरलेल्या दहा टक्क्यांनी जीव खाल्ला. ‘दुसऱ्या’, ‘कोवळ्या पानांच्या कडा कातऱ्या’ अशा शब्दांतला अर्धा र कुठे रफार होऊन बसला, कुठे गायबच झाला. ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर मागे सरकली. ‘ष’ आणि ‘श’ची अदलाबदल झाली. ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२३, रोज दुपारी दोन तास, मी आणि भाची ओळ न् ओळ वाचत बसलो. पूर्ण बिघडलेले परिच्छेद फोनच्या मराठी कळफलकावर बोलून पुन्हा लिहिले. बोलून टाइप केलेलं बऱ्यापैकी येतं, पण भाज्यांची नावं त्याला ओळखता येत नाहीत. ‘कुरडू’चं दर वेळी वेगळंच काहीतरी व्हायचं.

मग मुद्रितशोधन. १४४ पानं, पानाला ३० रुपये, एकूण ४,३२०. हा खर्च वाचवावा असं घरात सगळ्यांचं मत होतं, कारण मी स्वतः तीस वर्षं शुद्धलेखन तपासलं आहे. तरीही मी केला, आणि शोधकांनी दर पानावर पाच-सहा चुका काढल्या. आपण आपलं लिहिलेलं वाचत नाही, आठवत असतो. मात्र शोधक आणि मी, दोघांनीही फक्त शब्द पाहिले, आकडे पाहिले नाहीत. त्याचं काय झालं ते पुढे येईल.

वर्डमधली मांडणी भाचीने शिकवली. ई-पुस्तकात पान ही वस्तूच नसते. वाचकाने अक्षर मोठं केलं की पानं बदलतात. त्यामुळे ‘टाकळा – पृष्ठ ३७’ अशी अनुक्रमणिका निरुपयोगी. प्रत्येक भाजीच्या नावाला हेडिंगची शैली दिली की अनुक्रमणिका आपोआप तयार होते, आणि तिच्यावर बोट ठेवलं की थेट भाजी उघडते. ओळ सोडण्यासाठी आठ-आठ वेळा एंटर दाबायची माझी सवय होती, ती पूर्ण मोडावी लागली. तशा रिकाम्या ओळी फोनवर कोऱ्या पानासारख्या दिसतात.

फोटोंबद्दल थोडं सविस्तर लिहिते. माझ्याकडे ६४ फोटो होते. त्यातले ११ व्हॉट्सॲपवर कोणाकडून तरी आलेले. फुलांनी लगडलेला कुडा त्यात इतका सुंदर होता की काढायला मन होईना. पण फोटो ज्याने काढला त्याचा असतो, आणि तो कोण हे मला माहीत नव्हतं. ११ ही काढले. दुसरी गोष्ट भाचीने आपल्या किंडलवर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावर, दाखवली. तिचं यंत्र काळं-पांढरं. त्यावर भारंगीची निळसर-जांभळी फुलं आणि शेजारचं दुसरं झुडूप सारखंच राखाडी. त्या रात्री मला झोप लागली नाही. रानातली भाजी ओळखायची गोष्ट आहे, त्यात चूक परवडत नाही. मी सगळ्या वर्णनांतून रंगावर टाकलेला भार काढून घेतला. पान समोरासमोर येतं की एकाआड एक, कडेला दाते आहेत का, देठाला लव आहे का, चुरगळल्यावर वास कसा येतो, हे प्रत्येक भाजीखाली लिहिलं. पुस्तकाचा हा भाग फोटोंपेक्षा चांगला झाला आहे असं मला वाटतं. त्याला सहा आठवडे लागले.

डिसेंबर २०२३ मध्ये आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकासाठी, अर्ज केला. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाने असलेली राष्ट्रीय संस्था देते, अर्ज ऑनलाइन होतो आणि पैसे लागत नाहीत. लेखकाला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. क्रमांक मिळवून देतो म्हणून पैसे मागणारे भेटतील, त्यांची गरज नाही. ॲमेझॉनवरच्या ई-पुस्तकाला आयएसबीएन सक्तीचा नाही, ते स्वतःचा एक ओळखक्रमांक देतात. पण मला पुढेमागे छापील आवृत्ती काढायची आशा आहे आणि दुसरीकडेही पुस्तक द्यायचं झालं तर क्रमांक असावा, म्हणून घेतला. ई-पुस्तकाचा आणि छापील पुस्तकाचा क्रमांक वेगवेगळा असतो, हे अर्ज भरताना कळलं. मी ओळखपत्राची प्रत अस्पष्ट जोडली होती म्हणून अर्ज एकदा परत आला. धरून सात आठवडे.

कॉपीराइटचीही चौकशी केली. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लिहिलं की हक्क आपलाच, नोंदणी सक्तीची नाही. साहित्यकृतीच्या नोंदणीची फी ५०० रुपये आहे. मी अजून केलेली नाही. हस्तलिखिताच्या पानांचे तारखेसकट फोटो मात्र जपून ठेवले आहेत.

मुखपृष्ठ करून घेतलं ३,५०० रुपयांना. १,६०० बाय २,५६० पिक्सेल, उभं, जेपीजी. करून घेताना एकच हट्ट धरा. ते फोनवर बोटाच्या पेराएवढं करून बघा. माझ्या पहिल्या मुखपृष्ठावर सहा भाज्या होत्या, आणि त्या आकारात तो नुसता हिरवा डाग दिसायचा. दुसऱ्यावर एकच शेवळ आणि जाड अक्षरातलं नाव ठेवलं. अक्षराच्या फॉन्टचा परवानाही विचारून घ्या. ‘मुक्त’सारखे मराठीसाठी चांगले फॉन्ट मुक्त परवान्यावर मिळतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केडीपीवर, म्हणजे ॲमेझॉनच्या स्वयंप्रकाशनाच्या संकेतस्थळावर, खातं उघडायला बसले. तिथे लेखकाकडून पैसे घेत नाहीत आणि मराठी भाषा निवडता येते. अडलं असतं माझ्याच कागदांवर. पॅन कार्ड माहेरच्या नावाचं होतं, बँक खातं सासरच्या. चाळीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. पॅन दुरुस्ती जानेवारीतच केली होती म्हणून निभावलं. विवाहाच्या दाखल्यासह अर्ज, १०७ रुपये, नवीन कार्ड अठरा दिवसांत. लेखिकांनो, हे काम सगळ्यात आधी करा. पुस्तकावर कुठलंही नाव घालता येतं, कागदावरची नावं मात्र जुळायला हवीत.

त्यानंतर कराची प्रश्नावली येते. कंपनी अमेरिकेची असल्याने ‘डब्ल्यू-८ बेन’ नावाचा फॉर्म भरावा लागतो. वाचून घाबरायला होतं, पण विचारतात एवढंच की तुम्ही अमेरिकेचे नागरिक किंवा रहिवासी आहात का, कुठल्या देशात कर भरता, आणि तिथला कर क्रमांक काय. क्रमांकाच्या जागी पॅन घालायचा. तो घातला की भारत-अमेरिका करारानुसार अमेरिकेतल्या रॉयल्टीवरची कपात ३० ऐवजी १५ टक्के होते. माझे बहुतेक वाचक इथलेच, तरी फॉर्म सगळ्यांनाच भरावा लागतो. पाऊण तास लागला. शेजारी सनदी लेखापाल बसवायची गरज नाही.

पुस्तकाची माहिती भरताना नाव मराठीत दिलं. वर्णनात देवनागरीबरोबर भाज्यांची नावं रोमन अक्षरांतही घातली, कारण शोधताना आपल्यातले निम्मे लोक रोमनमध्येच टाइप करतात. शोधशब्दांचे सात रकाने असतात. त्यात ‘सुंदर’, ‘उपयुक्त’ असलं काही न घालता शेवळं, फोडशी, टाकळा, कोकणी पावसाळी भाज्या असं घातलं. मजकूर, चित्रं किंवा अनुवाद कृत्रिम बुद्धिमत्तेने केला आहे का, हेही विचारतात. नाही, म्हणून खूण केली.

किंमतीच्या पानावर मी अडीच तास होते. लेखकाच्या वाट्याचे दोन पर्याय असतात, ३५ टक्के आणि ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर केडीपी सिलेक्टमध्ये जावं लागतं, म्हणजे ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवायचं नाही. आणि ७० टक्क्यांच्या पर्यायात पुस्तक पोचवण्याचा खर्च कापतात, दर मेगाबाइटला ७ रुपये. माझी फाइल फोटोंमुळे २१ मेगाबाइट झाली होती. २१ गुणिले ७ म्हणजे १४७. किंमत मी ठरवली होती १४९. उरलेल्या दोन रुपयांचे ७० टक्के, म्हणजे १ रुपया ४० पैसे! आकडा तीनदा पुन्हा मांडला. मग भाचीने फोटो लहान केले, एकसारखे दिसणारे काढले, फाइल साडेचारवर आणली. आता कपात साडेएकतीस रुपये आणि माझ्या वाट्याला एका प्रतीमागे ८२ च्या आसपास. ३५ टक्क्यांच्या पर्यायात ही कपात नसते, पण मिळाले असते ५२. फोटोंचं पुस्तक असेल तर हे गणित आधी कागदावर करा.

सिलेक्टच्या अटीमुळे आणखी एक काम निघालं. मी पूर्वी चार पूर्ण प्रकरणं ऑनलाइन टाकली होती. नमुना म्हणून दहा टक्क्यांपर्यंत मजकूर बाहेर ठेवता येतो, माझा त्याहून जास्त होता. तीन प्रकरणं काढली.

२२ फेब्रुवारीला ‘प्रकाशित करा’चं बटण दाबलं. ७२ तासांपर्यंत लागतात असं लिहिलेलं असतं. मला सुमारे तीस लागले. रात्री अकराला भाचीचा फोन आला, “मावशी, दिसतंय!” मी उठून दिवा लावला आणि फोनवर माझंच मुखपृष्ठ बघत बसले. ते पेराएवढंच होतं, पण शेवळ ओळखू येत होतं.

विक्रीची माझी पहिली कल्पना चुकली. मराठी भाषा गौरव दिनाचं निमित्त साधून २७ फेब्रुवारी ते २ मार्च असे पाच दिवस पुस्तक मोफत ठेवलं. दर ९० दिवसांत एवढेच पाच दिवस मिळतात. ३८८ जणांनी उतरवून घेतलं. मार्च ते मे या तीन महिन्यांत विकत गेल्या २३ प्रती. फेब्रुवारीत रानभाजी कोण शोधणार? फुकट घेतलेलं पुस्तक पावसाळ्यापर्यंत कोणाच्या लक्षातही राहत नाही. तुमच्या विषयाला ऋतू असेल, परीक्षा असेल, सण असेल, तर मोफतचे दिवस त्याच्या आदल्या पंधरवड्यासाठी राखून ठेवा.

ओळखीच्यांचा प्रश्न एकच होता, “पीडीएफ पाठव ना.” आधी राग यायचा. मग एकीला विचारलं तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, “अगं, घेतलं असतं, पण ते घ्यायचं कसं?” त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या वाचकांपैकी बहुतेकांनी आयुष्यात ई-पुस्तक विकत घेतलेलं नव्हतं. किंडलचं यंत्र लागतं असाच समज होता. मी चार मिनिटांची ध्वनिफीत केली. फोनवर किंडलचं ॲप मोफत मिळतं, पुस्तक विकत घ्यायचं ते फोनच्या ब्राउझरमधून आणि वाचायचं ॲपमध्ये, दोन्हीकडे मोबाइल नंबर एकच द्यायचा. जाहिरातीच्या दहा संदेशांनी झालं नाही ते या ध्वनिफितीने झालं. काहींना घरी बोलावून, चहा ठेवून, त्यांच्याच फोनवर शिकवलं. अशा शिकलेल्या बायकांनी पुढे दुसऱ्यांची पुस्तकंही घेतली, याचा मला फार आनंद आहे. घरच्यांना अभिप्राय लिहायला मात्र सांगू नका, नातेवाइकांचे आणि जवळच्या मित्रांचे अभिप्राय नियमात बसत नाहीत.

मे महिन्यात पुतण्याने जुना टॅब दिला. सासूबाई ८१ वर्षांच्या, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. छापील अक्षर त्यांना दिसत नाही. टॅबवर अक्षर सर्वांत मोठं केलं तर एका वेळी सात-आठ ओळी मावत, पण त्या वाचू लागल्या. रोज सकाळी एक भाजी. २८ मेला मी स्वयंपाकघरात होते, त्यांनी हाक मारली. “अगो, शेवळाला काकडं दोन लिहिलीस? दोन काकडांत घसा धरेल माणसाचा.”

शेवळं खाजरी असतात. आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि काकडांचा, म्हणजे काकड नावाच्या रानफळांचा, आंबट रस भरपूर घालायचा, हे त्या भाजीचं सगळं गुपित. वहीत पेन्सिलीने स्वच्छ ‘१२’ लिहिलेलं होतं. फॉन्ट बदलताना एक आकडा गळला आणि तीन माणसांच्या नजरेतून सुटला. माझे हातपाय गार पडले. शेवळं बाजारात यायला आठवडाही उरला नव्हता.

त्याच दुपारी फाइल दुरुस्त करून चढवली, दुसऱ्या दिवशी सकाळी नवी आवृत्ती दिसू लागली. पण ज्यांनी आधीच उतरवून घेतलं आहे त्यांच्या फोनमधली प्रत प्रत्येक वेळी आपोआप बदलतेच असं नाही. वाचकाने आपल्या खात्यात स्वयंचलित अद्ययावतीकरण सुरू ठेवलेलं असावं लागतं. मदत केंद्राला गंभीर चूक म्हणून कळवलं, ज्या ज्या गटात पुस्तकाची बातमी टाकली होती तिथे दुरुस्ती टाकली, आणि ओळखीच्या अकरा जणांना फोन केले. मग दोन रात्री जागून पुस्तकातला प्रत्येक आकडा वहीशी ताडून पाहिला. आणखी तीन चुका निघाल्या, सुदैवाने मिठाच्या आणि तिखटाच्या.

जूनमध्ये पाऊस लागला आणि पुस्तक चालू लागलं. जूनमध्ये ३१, जुलैमध्ये ४४. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन असतो, त्या सुमारास कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. आमच्या इथल्या महोत्सवाला मी पुस्तकाच्या दुव्याचा क्यूआर कोड छापलेली २०० कार्डं घेऊन गेले. छपाई ६४० रुपये. स्वतःचं टेबल मांडलं नाही. ज्यांनी मला भाज्या शिकवल्या त्यांच्याच टोपल्यांशेजारी कार्डं ठेवली. गिऱ्हाईक विचारायचं, “ही कशी करायची?” मावशी तोंडी सांगायच्या आणि म्हणायच्या, “सगळं यात हाय, बाईंनी लिवलंय.” ऑगस्टमध्ये ६७ प्रती गेल्या.

पैसे महिना संपल्यावर साधारण दोन महिन्यांनी बँकेत येतात. ऑगस्टच्या विक्रीचे ऑक्टोबरअखेर आले. तोपर्यंतच्या १६५ प्रतींचे साडेतेरा हजारांच्या आसपास, आणि किंडल अनलिमिटेडवर, म्हणजे महिन्याची वर्गणी भरून पुस्तकं वाचायच्या ॲमेझॉनच्या योजनेत, वाचलेल्या पानांचे आठशे. खर्च, बायकांना दिलेले ३,००० धरून, १५,७६७ रुपये. भाचीचे आणि माझे तास यात नाहीत. म्हणजे अजून दीड हजाराच्या आसपास अंगावर आहेत.

पैसे आले त्या शनिवारी बाजारात गेले आणि शेवळंवाल्या मावशींना प्रतींचा आकडा सांगितला. त्यांनी तो दोनदा विचारला. मग म्हणाल्या, “बाई, तुमच्या पुस्तकात लोत नाय. पहिल्या पावसात या, दाखवते.” जूनमध्ये त्यांच्याबरोबर जायचं ठरलं आहे. लोत ही भाजी पुस्तकात घातली की फाइल पुन्हा चढवायची आहे, आणि त्याआधी सगळी मापं आकड्यांबरोबर अक्षरांतही लिहायची आहेत. शेवळापासून सुरुवात केली आहे. काकडं १२, बारा.